भाच्याच्या मेंदूत गाठ निघाली आहे. ऑपरेशन इथेच करावं की मुंबईला न्यावं?

कोरेगावचा_मामा | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे ऊस आणि क्रिकेटच्या धाग्यांवर भांडत असतो. आज वेगळ्या कामाने आलोय.

बहिणीचा मुलगा, वय ६, पहिलीत. गणपती झाल्यापासून सकाळी उलट्या. उठला की दोन मिनिटांत भडाभडा ओकायचा आणि मग एकदम टुणटुणीत, डबा घेऊन शाळेत. डॉक्टरांनी आधी पित्त म्हटलं, मग जंत, मग परत पित्त. आम्हाला वाटलं शाळेला घाबरतोय, नवीन बाई जरा कडक आहेत. दाजींनी तर एकदा "नाटकं करतोस" म्हणून पाठीत धपाटा घातला होता. आता ते कोणाशी बोलत नाहीत.

पकडलं आमच्या आईने. म्हणाली, "शाळेचं नाटक असतं तर पोरगं रविवारी कशाला ओकलं असतं?" मग सगळ्यांचं लक्ष गेलं. टीव्ही बघताना मान एका बाजूला कलती करून बसायचा. मोरीकडे जाताना भिंत धरायचा. डोळा किंचित तिरळा. साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, चष्मा लागला असेल म्हणून. त्यांनी अक्षरांचा तक्ता दाखवलाच नाही. डोळ्यात बॅटरी मारून दोन्हीकडे नीट पाहिलं आणि चिठ्ठी दिली: आजच्या आज एमआरआय.

लहान मेंदूपाशी, चौथ्या पोकळीत सव्वाचार सेंटिमीटरची गाठ आहे. पाणी तुंबलंय. रिपोर्टात "मेड्युलोब्लास्टोमा? एपेन्डिमोमा?" अशी दोन प्रश्नचिन्हं. आता पुण्यात एका दवाखान्यात आहोत. सर्जन परवा ऑपरेशन करू म्हणतात. भावकीतले सगळे म्हणतात थेट टाटाला न्या. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय. कोणी यातून गेलंय का?

---

रानजाई | १० नोव्हेंबर, रात्री ९:५२

मामा, मूल आत्ता जागं आहे का? बोलतंय, ओळखतंय? आधी हे सांगा, बाकीचं नंतर.

---

कोरेगावचा_मामा | १० नोव्हेंबर, रात्री ९:५८

जागा आहे. मोबाइल मागतोय. पण दुपारपासून जास्त झोपतोय असं ताईचं म्हणणं.

---

ओपीडीतला_डॉक्टर | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, न्यूरोसर्जन नाही, हे आधी सांगतो.

जास्त झोपतोय हे आत्ताच्या आत्ता नर्सला आणि ड्युटी डॉक्टरला सांगा. फोरमवर नंतर या. मेंदूतलं पाणी रोज तयार होतं आणि चौथ्या पोकळीतून बाहेर पडतं. तिथेच गाठ बसली की मागे तुंबारा होतो, दाब वाढतो. रात्रभर आडवं पडल्यावर दाब आणखी चढतो, म्हणून सकाळी डोकं दुखतं, उलटी होते. उलटी झाली, उठून बसलं, की बरं वाटतं. हे "ओकून टुणटुणीत" होणं आम्हालाही फसवतं.

पुणे की मुंबई या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मूल गुंगीत जायला लागलं तर गाडीत घालून एक्स्प्रेस वेवर काढायचं नाही. आहे तिथे आधी पाणी काढून द्यायचं. बाहेरून नळी, नाहीतर दुर्बिणीतून पोकळीला वाट करून देणं, नाहीतर शंट, म्हणजे पाणी पोटात सोडणारी आतली नळी. ते अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. त्यानंतर गाठ कुठे काढायची यावर शांत डोक्याने विचार करायला दोन-चार दिवस मिळतात.

स्थिर असेल तर सर्जनना सरळ विचारा की लहान मुलांच्या अशा गाठी वर्षात किती काढता, आणि नंतर व्हेंटिलेटरसह मुलांचं आयसीयू आहे का. राग येणार नाही. आला तर तेही उत्तरच.

आणखी दोन गोष्टी. मणक्याचाही एमआरआय ऑपरेशनच्या आधी करून घ्या. मेड्युलोब्लास्टोमा पाण्यावाटे मणक्यात उतरू शकतो, आणि ऑपरेशननंतर तिथे रक्त साचलं की गाठ कुठली आणि रक्त कुठलं ते कळत नाही. तसंच ऑपरेशननंतरचा एमआरआय ४८ ते ७२ तासांच्या आत. किती गाठ उरली हे त्यातच नीट दिसतं.

---

खडूस_आजोबा | १० नोव्हेंबर, रात्री १०:४१

महाराष्ट्रात दोनच रोग आहेत. पित्त आणि नजर. तिसरा निघाला की लोक पुण्याला जातात.

मामा, आईला माझा नमस्कार सांगा. रविवारचा हिशोब भल्याभल्यांना सुचला नसता.

---

चष्मेबद्दूर | १० नोव्हेंबर, रात्री ११:०५

त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही. हल्ली अर्धे लोक मुलाला थेट चष्म्याच्या दुकानात नेऊन मशीनवर नंबर काढतात. मशीनला डोळ्याच्या मागची सूज दिसत नाही हो.

---

पेठेतला | १० नोव्हेंबर, रात्री ११:१६

दोन महिने पित्ताच्या गोळ्या देणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरवर केस टाका. स्पष्ट बोलतो.

---

ओपीडीतला_डॉक्टर | १० नोव्हेंबर, रात्री ११:३०

पेठेतला, माझ्याकडे उलटीची मुलं रोज येतात. २२ वर्षांत त्यातली तिघं गाठीची निघाली. तीन. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एमआरआयला पाठवलं असतं तर तुम्हीच इथे "डॉक्टरांचं कट-कमिशन" असा धागा काढला असता.

पण दुसऱ्या खेपेला तेच मूल तीच तक्रार घेऊन आलं तर त्याला पलंगावरून उतरवून चालवून बघायला हवं, हे कबूल. फरशीच्या रेघेवरून, टाचेला पाऊल लावून, दहा पावलं. त्याला पैसे पडत नाहीत. माझ्या तिघांपैकी एकाला मीही चालवलं नव्हतं.

---

टेम्सकाठची | ११ नोव्हेंबर, पहाटे ३:१०

इकडे ब्रिटनमध्येही हेच दुखणं होतं. २०११ साली हेडस्मार्ट नावाची मोहीम सुरू केली त्यांनी. पर्सएवढं कार्ड, वयाप्रमाणे लक्षणं लिहिलेली, शाळांतून आणि जीपींकडे, म्हणजे इकडच्या फॅमिली डॉक्टरांकडे, वाटलं. ध्येय होतं पहिल्या लक्षणापासून चार आठवड्यांत निदान. त्याआधी महिनोन्‌महिने जायचे, तेही सगळं फुकट असलेल्या देशात.

माझ्या मुलाच्या शाळेतून आलेलं कार्ड अजून फ्रिजवर आहे. वारंवार उलटी, वारंवार डोकेदुखी, तोल जाणं, डोळे तिरळे होणं, मान कलती राहणं, वाढ खुंटणं, वागणं बदलणं. तान्ह्या बाळात डोकं भराभर मोठं होणं. मामांनी लिहिलेल्यातली चार कार्डावर आहेत.

---

निळी_शाई | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

वाढ खुंटण्यावरून लिहितो. आमचं निदान अगदीच वेगळ्या दाराने आलं.

मुलगा ११ वर्षांचा. उलट्या नाहीत, डोकेदुखी नाही. नुसतं पाणी प्यायचा. रात्री चारदा उठून माठाशी. तांब्या तोंडाला लावला की खाली ठेवायचा नाही. आम्ही साखर तपासली तीनदा, नॉर्मल. आईने म्हटलं उन्हाळा आहे, पिऊ दे. वर्षभर उंची तेवढीच, पॅन्ट आखूड होईना म्हणून ही खूश. एका हार्मोनच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाल्या हा साखरेचा मधुमेह नाही, मेंदूतून येणारं पाणी धरून ठेवायचं हार्मोन संपलंय. एमआरआयमध्ये पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या हार्मोनच्या ग्रंथीचा, देठ जाड. गाठीचं नाव जर्मिनोमा.

त्यावर कवटी उघडून गाठ काढायची गरजच पडली नाही. एक बारीक बायोप्सी, रक्तात आणि पाठीच्या पाण्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी या गाठीची जात सांगणाऱ्या तपासण्या, मग केमो आणि रेडिएशन. या गाठी रेडिएशनला लोण्यासारख्या विरघळतात. बरे होण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. आज तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या हार्मोनच्या जागी डेस्मोप्रेसिनची गोळी मात्र जन्माची.

सांगायचं हे की "ब्रेन ट्यूमर" असा एक आजार नसतो. नाव काय, हे कळेपर्यंत कोणाचंही ऐकून घाबरू नका, आणि कोणाचंही ऐकून निवांतही होऊ नका.

---

कोरेगावचा_मामा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

रात्री डॉक्टरसाहेबांचं वाचून नर्सला उठवलं. साडेबाराला पोरगं हाक मारून उठेना. एक वाजता आत नेलं, डोक्यातून नळी टाकून पाणी काढलं. सकाळी उठून म्हणाला, मामा, भूक लागली.

गाडी सांगून ठेवली होती मुंबईसाठी. पहाटे चारची. काय झालं असतं त्याचा विचार करत नाही.

सर्जनना विचारलं. वर्षाला पंधरा-वीस करतो म्हणाले. आयसीयू आहे. मणक्याचा एमआरआय आज झाला, खाली काही नाही. ऑपरेशन इथेच, १३ तारखेला.

---

वरणभात | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३४

खायला काय दिलं?

---

कोरेगावचा_मामा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:४१

कॅन्टीनचा उपमा. नाक मुरडून खाल्ला.

---

वैद्यराज_निसर्ग | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:००

ऑपरेशन करू नका, सुरी लागली की गाठ पसरते. आमच्याकडे गोमूत्र अर्क आणि सुवर्णभस्म यांचा ९० दिवसांचा

*(प्रतिसाद संपादित. जाहिरात आणि आरोग्याला घातक सल्ला. सदस्यत्व थांबवले आहे. – संपादक)*

---

खडूस_आजोबा | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

९० दिवसांचा काय, कोर्स की तुरुंगवास? संपादकांनी घाई केली, ऐकायचं राहून गेलं.

---

काचपट्टी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

मी पॅथॉलॉजीत आहे. मामा, गाठ निघाल्यावर सगळ्यांचं लक्ष मुलाकडे असतं, ते बरोबरच आहे. पण घरातल्या एका माणसाने गाठीकडेही लक्ष ठेवा. ती आमच्याकडे येते, मेणाच्या वडीत बसते, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो, आणि त्यातून काढलेले पापुद्रे काचेवर जातात. पुढे कुठेही गेलात तरी तिथले लोक आधी स्लाइड्स आणि ब्लॉक्स मागणार. नुसता कागदाचा रिपोर्ट घेऊन गेलात तर परत पुण्याला हेलपाटा. डिस्चार्जच्या दिवशीच अर्ज करून ब्लॉक्स घ्या, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

का मागतात? कारण सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या गोल पेशींचा गर्दा दिसला की तो मेड्युलोब्लास्टोमा असतो, किंवा एटीआरटी असतो, किंवा आणखी एखादी दुर्मिळ जात. तिन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. एटीआरटी तीन वर्षांखालच्या मुलांत जास्त, त्यात आयएनआय-१ नावाचं प्रोटीन पेशीतून गायब असतं, ते डाग लावून बघावं लागतं. आणि मेड्युलोब्लास्टोमा ठरला तरी त्यात चार गट: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटीची मुलं बहुतेक सगळी बरी होतात. गट ३ त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या वर्गीकरणापासून हे रिपोर्टात लिहायचं ठरलंय, तरी "मेड्युलोब्लास्टोमा, ग्रेड ४" एवढ्यावर सही झालेले रिपोर्ट मी अजून पाहते. ग्रेड ४ वाचून आईबाप कोसळतात. कॅन्सरची चौथी स्टेज आणि गाठीची चौथी ग्रेड या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कोणीच सांगत नाही.

---

रानजाई | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

काचपट्टीताई, हा प्रतिसाद छापून लावायला हवा.

---

कोरेगावचा_मामा | १३ नोव्हेंबर, रात्री ११:००

सात तास चाललं. सगळी निघाली म्हणतात सर्जन. बाहेर येताना डोळे उघडले, ताईला "आई, पाणी" म्हणाला. झोपतो आता.

---

कोरेगावचा_मामा | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मंडळी, पोरगं बोलायचं बंद झालंय. कालपर्यंत पाणी मागत होतं. आज सकाळपासून एक शब्द नाही. डोळे उघडे, छताकडे बघतो. मध्येच किंचाळल्यासारखं रडतो, मांजराच्या पिल्लागत. मान धरवत नाही. एमआरआय परत झाला, रक्तस्राव नाही, गाठ उरलेली नाही. सर्जन म्हणतात येईल परत. दाजी म्हणतात डॉक्टरने बोलायची शीर कापली. काय समजायचं?

---

ताम्हण | १५ नोव्हेंबर, रात्री १०:३५

मामा, मी. माझी मुलगी. नऊ वर्षांपूर्वी. अगदी असंच, दुसऱ्या दिवशी.

याला नाव आहे. सेरेबेलर म्युटिझम म्हणतात, काही जण पोस्टीरियर फोसा सिंड्रोम म्हणतात. तिथल्या मोठ्या गाठी काढल्यावर चारातल्या एका मुलाला होतं म्हणून मला नंतर सांगितलं. आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही दाजींसारखीच भांडले होते. चूक झालीच असेल असं नाही. लहान मेंदूतून वर जाणाऱ्या वाटा दुखावतात, त्या परत जुळायला वेळ लागतो.

त्याला सगळं ऐकू येतं, हे लक्षात ठेवा. त्याच्या पलंगापाशी पैशांचं, "कसं होणार" असलं बोलू नका. माझी मुलगी दीड महिना गप्प होती, आणि नंतर तिने मला मावशी त्या खोलीत काय बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं.

फिजिओ आणि बोलायची थेरपी लगेच सुरू करायला सांगा. घास गिळताना ठसका लागतो का बघा. आणि वाट बघा.

---

कोरेगावचा_मामा | १५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

दाजींना तुमचं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. आत जाऊन त्याचे पाय चेपत बसलेत.

---

पेठेतला | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

हे व्हॉट्सॲपवर आलंय: "मुलांच्या ब्रेन ट्यूमरवर गोळी सापडली, अमेरिकेत मंजूर, रेडिएशनची गरज नाही." मामांना उपयोग होईल म्हणून टाकतो.

---

टेम्सकाठची | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

पेठेतला, हेतू चांगला आहे, पण तीन वेगळ्या बातम्या एका चमच्यात ढवळल्यात. ग्लायोमा ही मेंदूतल्या गाठींची वेगळी जात. हळू वाढणाऱ्या ग्लायोमात बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल असेल तर डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिबची जोडी मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, एप्रिल २०२४ मध्ये टोव्होराफेनिब. २०२५च्या ऑगस्टमध्ये डोर्डाव्हिप्रोन मंजूर झालं ते मेंदूच्या मध्यरेषेतल्या, एच३ के२७एम बदल असलेल्या ग्लायोमासाठी, तेही आधीच्या उपचारानंतर गाठ परत वाढली तर. मेड्युलोब्लास्टोमाशी यातल्या एकाचाही संबंध नाही.

---

पेठेतला | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

बरं. चुकलं. ग्रुपवरही कळवतो.

---

शेवंती | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५५

मध्यरेषेतला ग्लायोमा हा शब्द बघून लॉगिन केलं. चार वर्षांनी.

आमची गाठ ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात होती. डीआयपीजी म्हणतात तिला, तोही मध्यरेषेतलाच ग्लायोमा. तिथे सुरी लावता येत नाही, पेशी चांगल्या पेशींत मिसळलेल्या असतात, मिठासारख्या. ३० दिवस रेडिएशन झालं, आणि मग पाच महिने असे आले की शेजारी म्हणायचे, निदानच चुकलं असेल. सायकल चालवली. मग परत डोळा तिरळा झाला. निदानापासून अकरा महिने.

चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगची मुलगी कॅरन, दोन वर्षांची, ब्रेनस्टेमच्याच गाठीने १९६२च्या जानेवारीत गेली. तिलाही रेडिएशनच दिलं होतं. हे मी तेव्हा रात्री वाचलं होतं आणि फोन भिंतीवर मारला होता.

मामा, तुमची गाठ ती नाही. तुमच्या गाठीला उपचार आहे. तो पूर्ण करा, मध्ये सोडू नका. बाकी काही सांगायचं नाही.

---

रानजाई | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

शेवंती, वाचलं. इथेच आहोत.

---

कोरेगावचा_मामा | २६ नोव्हेंबर, दुपारी २:००

रिपोर्ट आला. मेड्युलोब्लास्टोमा, आयएनआय-१ शाबूत. ब्लॉक्स मुंबईला दिले होते, तिथून गट ४ असं आलं. पाठीतलं पाणी तपासलं, त्यात पेशी नाहीत. वय तीनच्या वर, उरलेली गाठ दीड चौरस सेंटिमीटरच्या आत, कुठे पसरलेली नाही, म्हणून "स्टँडर्ड रिस्क". सगळ्या मेंदूला आणि मणक्याला २३.४ ग्रे (किरणांचा डोस ग्रेमध्ये मोजतात), गाठीच्या जागी मिळून ५४ ग्रे. ३० दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. मग केमो. सगळे म्हणतात मणक्याला प्रोटॉन मिळालं तर बरं. खारघरला आहे ना? आणि राहायचं कुठे?

---

ओपीडीतला_डॉक्टर | २६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये टाटाचं प्रोटॉन केंद्र २०२३ मध्ये सुरू झालं. चेन्नईचं खासगी केंद्र २०१९ पासून आहे. फरक असा: नेहमीचे किरण पाठीतून शिरून पोटातून, छातीतून पार बाहेर पडतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतात. म्हणजे हृदय, आतडी, मुलींत बीजाशय वाचतात. गाठ मारायचं काम मात्र दोन्ही सारखंच करतात.

माझं मत विचाराल तर प्रोटॉन मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी रांगेत दोन महिने थांबू नका. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं. उशिरा मिळालेल्या प्रोटॉनपेक्षा वेळेत मिळालेले साधे किरण बरे.

---

पेठेतला | २६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

असहमत. आयुष्यभराचा प्रश्न आहे, पैसे असतील तर चेन्नई गाठावी.

---

निळी_शाई | २६ नोव्हेंबर, रात्री ९:५५

पैसे असतील तर चेन्नई, नसतील तर काय? आमच्या मुलाला साधेच किरण दिले. थायरॉइडची गोळी आणि वाढीचं इंजेक्शन लागलं, ते हार्मोनवाल्या डॉक्टरांनी सांभाळलं. प्रोटॉन घेतला तरी डोक्यावरचा डोस तोच असतो, त्यामुळे अभ्यासात मागे पडणं, हार्मोन, हे बघावंच लागतं. केमोत सिस्प्लॅटिन असेल तर ते कानावर जातं, म्हणून कानाची तपासणी दर सायकलला.

---

गोंदियाची_पोर | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:००

राहायचं मी सांगते. मी माझ्या भावासाठी दोन वर्षं विदर्भ एक्स्प्रेसनं केलं बाप्पा. टाटाचा फॉर्म घेतला की रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसी फुकट, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट.

राहायला लहान मुलांच्या घरच्यांसाठी सेंट ज्यूड आहे, २००६ पासून, पैसे घेत नाहीत, प्रत्येक घराला आपली जागा, स्वैपाक आपला आपण. खारघरलाही आहे. पण थेट जाऊन मिळत नाही, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातूनच नाव जाते. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा. नाही जमलं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. परळच्या फूटपाथवर झोपू नका, पोराच्या पांढऱ्या पेशी उतरल्यावर ते परवडत नाही. रेशन कार्ड असेल तर महात्मा फुले योजनेचे कागद पुण्यातूनच लावून घ्या, वर्षाला घरटी ५ लाखांपर्यंत आहे. आधार कार्डावरचं आणि रेशन कार्डावरचं नाव सारखं आहे का पाहा आधी. आमचा पंधरवडा त्याच्यातच गेला.

---

वरणभात | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

अवांतर: गोंदियाहून मुंबईला डब्यात काय नेता?

---

गोंदियाची_पोर | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:३१

तिखट पोळ्या. दोन दिवस टिकतात. तुला भूकच लागलेली असते का रे?

---

कोरेगावचा_मामा | १९ डिसेंबर, रात्री ८:००

खारघरलाच आहोत. १५ तारखेपासून रेडिएशन सुरू. प्रोटॉन की साधं यावर आता वाद नको. जे वेळेत मिळालं ते घेतलं.

पहिले दिवस भूल देऊन झालं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा असतो, गरम पाण्यात मऊ करून तोंडावर बसवतात, काही मिनिटांत कडक होतो. तो टेबलाला खिळवतात, डोकं तसूभर हलत नाही. तिथल्या टेक्निशियन मॅडमनी त्यावर वाघ रंगवून दिला. दाजी रोज खोलीत त्याच्याशी स्टॅच्यू खेळतात. मोबाइलवर वेळ लावून. काल नऊ मिनिटं हलला नाही. सोमवारपासून बिनभुलीचं बघू म्हणालेत.

आणि आज दुपारी ताईने खिचडीचा चमचा पुढे केला तर म्हणाला, "नको."

३४ दिवसांनी. ताई चमचा टाकून बाहेर पळाली. मी म्हटलं, काय? तर परत, "नको."

---

वरणभात | १९ डिसेंबर, रात्री ८:०२

खिचडीला नको म्हणणारं मूल ठणठणीत असतं. लिहून देतो.

---

ताम्हण | १९ डिसेंबर, रात्री ८:३०

माझ्या मुलीचा पहिला शब्द "गप" होता. मला उद्देशून.

---

खडूस_आजोबा | १९ डिसेंबर, रात्री ९:००

आज माझ्याकडून सगळ्यांना चहा. ज्याने त्याने आपापल्या घरी करून प्यावा.

---

कोरेगावचा_मामा | १४ मार्च, सायंकाळी ६:१५

दुसरी केमो चालू. केस गेलेत. तोल अजून थोडा जातो, बोलणं संथ, शब्द ओढत बोलतो. केमोतल्या व्हिन्क्रिस्टीनने पायाचा पंजा जड झालाय, त्याला बूट लावलाय. काल इंजेक्शननंतर ओकला, आणि तोंड पुसता पुसता आजीला विचारतो, "आज रविवार आहे का?" म्हातारी हसली की रडली कळलं नाही.

---

नवीन_सदस्य_लातूर | २ एप्रिल, रात्री ९:२०

पूर्ण धागा वाचून काढला. मुलगी ८ वर्षांची. तीन आठवडे सकाळी डोकं दुखतं, दोनदा उलटी झाली, दोन्ही शाळेच्या दिवशी. रविवारी नाही झाली. म्हणजे काळजीचं नाही ना? डॉक्टर चष्मा म्हणतात. एमआरआयला आठ दिवसांनंतरची तारीख आहे. लातूरलाच करावं की सरळ पुण्याला यावं?

---

ओपीडीतला_डॉक्टर | २ एप्रिल, रात्री ९:४५

दोन उलट्यांवरून रविवारचा हिशोब लावता येत नाही. बहुतेक वेळा सकाळची डोकेदुखी साधीच निघते, आधीच कोसळू नका. पण उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या, सूज आहे का विचारा. एमआरआय लातूरलाच करा. झोपाळू झाली किंवा तोल जातोय असं वाटलं तर आठ दिवस थांबायचं नाही.

---

कोरेगावचा_मामा | २ एप्रिल, रात्री ९:५१

दादा, फोन ठेवा आणि आत्ता तिला फरशीच्या रेघेवरून चालवा. टाचेला पाऊल लावून. खेळ आहे म्हणून सांगा.

---

नवीन_सदस्य_लातूर | २ एप्रिल, रात्री १०:०८

चालवलं. तिसऱ्या फरशीला भिंत धरली. दोनदा केलं, दोन्हीदा तिथेच.

---

कोरेगावचा_मामा | २ एप्रिल, रात्री १०:०९

मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या, आत्ताच. सकाळच्या उलट्या आणि तोल जातो, हे दोन शब्द आधी सांगा. सोबत रेशन कार्ड, आधार, आणि तिचं पांघरूण घ्या. पोचलात की इथे टाका. मी जागा आहे.